संप आणि टाळे: सोलापूर जिल्ह्यातील दोन खटले

कामगार चळवळीच्या इतिहासात संपाला जेवढी पाने मिळाली आहेत, तेवढी गिरणी बंद करण्याच्या मालकाच्या अधिकाराला मिळालेली नाहीत. वास्तविक या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, कारण संपाचा सारा जोर काम थांबल्याने मालकाचे जे नुकसान होते त्यावर असतो, आणि ज्या दिवशी काम थांबवणे मालकालाच सोयीचे वाटू लागते त्या दिवशी संपाची धमकी त्याच्या लेखी धमकी राहत नाही. १९४९ ते १९५७ या आठ वर्षांच्या काळात सोलापूर जिल्ह्यातून असे दोन वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले: एक शहरातील जुन्या गिरणीचा आणि दुसरा कुर्डुवाडीवरून धावणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचा. पहिल्याचा निकाल हे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे एक कारण ठरले, आणि दुसऱ्यामुळे औद्योगिक विवाद कायद्यात नवी कलमे घालावी लागली. कायद्याच्या अभ्यासकांना हे दोन्ही खटले परिचित आहेत. ते एकाच जिल्ह्यातले आहेत, एवढेच नव्हे तर त्यांच्या कळीच्या तारखांमध्ये अवघ्या तेरा दिवसांचे अंतर आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

पुढील विवेचनात वारंवार येणारे तीन शब्द प्रथमच वेगळे करून ठेवणे आवश्यक आहे, कारण न्यायालयातील सारा वाद या शब्दांच्या सीमारेषांवर झाला. कामगारांनी एकविचाराने काम थांबवणे म्हणजे संप. कामगारांनी आपल्या अटी मान्य कराव्यात म्हणून मालकाने तात्पुरते दरवाजे बंद करणे म्हणजे टाळेबंदी. तीत मालकाला धंदा सोडायचा नसतो, कामगाराला नमवायचे असते. धंदाच आटोपता घेणे म्हणजे कायमची बंदी. कायद्याने संपावर आणि टाळेबंदीवर बंधने घातली होती, दोन्ही बेकायदा केव्हा ठरतात हे सांगितले होते. कायमच्या बंदीविषयी मात्र तो दीर्घकाळ जवळजवळ मुका होता.

सोलापुरात यंत्रावरचे कापड सुरू झाले ते मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या प्रयत्नाने. त्यांनी स्थापन केलेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, चालू झाली. पुढे शतक पालटण्याच्या सुमारास लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी, आणि त्यानंतरच्या दशकात विष्णू आणि जामश्री या गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा लोकांनी पहिलीला आपोआपच जुनी गिरणी असे नाव दिले, आणि कंपनीचे लांबलचक नाव कागदपत्रांपुरते उरले. या गिरण्यांत मजूर आले ते दुष्काळाने कुणबीक सोडावी लागलेल्या आसपासच्या खेड्यांतून, निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांतून, कन्नड बोलणाऱ्या लिंगायत कुटुंबांतून आणि शहरातल्या मुसलमान वस्त्यांतून. साच्यावर उभ्या असलेल्या चार माणसांच्या घरात चार बोली असणे हे सोलापुरात नवल नव्हते, आणि त्यामुळे या शहरातली कामगार संघटना ही मुंबईच्या संघटनेची लहान प्रत कधीच नव्हती.

मुंबईहून आणखी एक फरक होता, आणि संपाच्या दृष्टीने तोच निर्णायक होता. मुंबईत गिरणी सुटली तर गोदी होती, रेल्वेचे कारखाने होते, हमाली होती, आणि काहीच नाही तर कोकणात परतण्याची वाट होती. सोलापुरात गिरणी सुटली तर हातमाग उरे, आणि हातमागावरचे विणकर स्वतःच सावकाराच्या आणि सुताच्या भावाच्या कचाट्यात सापडलेले असत. पाच गिरण्यांवर सारे शहर जगत असल्यामुळे पगाराच्या तारखेला बाजारपेठ हलत असे आणि गिरणीच्या पगाराला उशीर झाला की किराणा दुकानदाराची उधारी फुगत असे. अशा शहरात संप केला तर तो सर्वांचाच होई, आणि मोडला तरी सर्वांचाच मोडे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस धान्य आणि कापड यांचे भाव चढले, गिरण्यांना अमाप नफा झाला, आणि मजुरी मात्र मागे रेंगाळली. या असंतोषातून १९१९ च्या अखेरीपासून देशभर संपांची लाट उठली. कानपूरच्या लोकर गिरण्या, जमालपूरचे रेल्वे कारखाने, कलकत्त्याच्या ताग गिरण्या आणि मुंबईतील सर्व कापडगिरण्या यांच्या पाठोपाठ २६ जानेवारी १९२० रोजी सोलापूरच्या गिरण्या थांबल्या आणि १६ फेब्रुवारीपर्यंत थांबलेल्याच राहिल्या. या संपात १६,००० कामगार उतरले होते. मुंबईचा सार्वत्रिक संप ३ फेब्रुवारीला मिटल्यावरही सोलापूरचा संप जवळजवळ दोन आठवडे चालू राहिला, यावरून तो मुंबईच्या हाकेवर उठलेला आणि मुंबईच्या इशाऱ्यावर बसलेला नव्हता, असे मानण्यास जागा आहे.

त्या वेळी संप करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण काय होते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: काहीही नव्हते. कामगार संघटना हा शब्द भारतीय कायद्याला माहीत नव्हता. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या चालकांनी त्याच सुमारास कामगार नेते बी. पी. वाडिया यांच्या विरुद्ध न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला, आणि कामगारांना संपाचा सल्ला देणे हे करारभंगास चिथावणी देणे ठरू शकते, हे सर्वांना दिसून आले. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांना मान्यता देणाऱ्या कायद्याची मागणी लावून धरली ती या पार्श्वभूमीवर. १९२६ चा कामगार संघटना कायदा १ जून १९२७ पासून अमलात आला आणि नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना संपाबद्दल फौजदारी कटाच्या आणि दिवाणी दाव्याच्या जाचातून बऱ्याच अंशी मोकळीक मिळाली. परंतु ही मोकळीक संघटनेला होती. संप करणाऱ्या एकेकट्या कामगाराला मालकाने कामावरून काढू नये, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. उलट १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने, जो अन्यथा कामगाराच्या पगारात मनमानी कपात होऊ नये म्हणून केलेला होता, एक तरतूद अशी ठेवली की दहा किंवा अधिक कामगार एकमेकांच्या संगनमताने, नोटीस न देता आणि वाजवी कारणावाचून गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास खाड्याच्या पगाराखेरीज जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार मालकाला कापून घेता येईल. एकट्याने खाडा केला तर खाड्यापुरता पगार जाई. दहा जणांनी मिळून केला तर वर आठ दिवसांचा दंड. कायद्याच्या मनात एकीविषयी कोणती भावना होती, हे या एका तरतुदीवरून उमगते.

सोलापूरच्या गिरण्यांत आणखी एक वर्ग होता ज्याच्या बाबतीत संपाच्या हक्काची चर्चाच अप्रस्तुत ठरत असे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता, त्यांतील अनेक कुटुंबांना सोलापूरच्या वसाहतीत आणून ठेवले होते. तारेचे कुंपण असलेल्या या वसाहतीला लोक सेटलमेंट म्हणत. तेथील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात, आणि परवानगीवाचून वसाहतीबाहेर राहणे हा त्यांच्यासाठी गुन्हा होता. ज्याची हजेरी गिरणीत मुकादम घेतो आणि वसाहतीत सरकारी अधिकारी घेतो, अशा माणसाने संपात उतरायचे ठरवले तर त्याला दोन मालकांशी झगडावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, तोवर सोलापूरच्या प्रत्येक मोठ्या संपाच्या काळात शहरात असे मजूर होते ज्यांच्यासाठी संप हा मुळात पर्यायच नव्हता.

मे १९३० मधील घटना इतर अनेक ग्रंथांत सविस्तर आल्या आहेत. येथे त्यांचा कामगारांच्या दृष्टीने लागणारा भाग तेवढा पाहू. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यानंतर ७ मेपासून सोलापूरच्या गिरणी कामगारांनी काम थांबवले. हा संप मजुरीसाठी नव्हता आणि तो कोणत्याही मालकाविरुद्धही नव्हता. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमावाने न्यायालयाची इमारत जाळली, पोलीस मारले गेले, शहरातून सरकारी सत्ता काही दिवस मागे हटली, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सोलापूरच्या कामगाराला संपाचा परिणाम म्हणजे काय, याचे दोन अगदी निराळे अनुभव अशा रीतीने सुमारे दहा वर्षांच्या अंतराने आले: १९२० मध्ये तीन आठवड्यांचा बुडालेला पगार, आणि १९३० मध्ये संगिनी.

१९३४ च्या मजुरी कपातीविरुद्धच्या लढ्यात सोलापूर पुन्हा उतरले. रघुनाथ कऱ्हाडकर, मीनाक्षी साने यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी या काळात शहरातील लाल बावट्याची संघटना बांधली, आणि जुलै १९३४ मध्ये कम्युनिस्ट पक्षच बेकायदा ठरवला गेला तेव्हा संघटनेचे काम आणि गुप्त काम यांच्यातील भेद उरला नाही. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांसाठी समेटाची यंत्रणा उभारणारा पहिला कायदा केला. समेट म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून तडजोड घडवण्याचा यत्न करणे. त्यात कोणावर निकाल लादला जात नाही. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने केलेल्या मुंबई औद्योगिक तंटे कायद्याने मात्र समेटाची ही पायरी सक्तीची केली आणि ती पार पडण्यापूर्वी झालेला संप बेकायदा ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप करून या कायद्याचा निषेध केला. विधिमंडळातील चर्चेत आंबेडकरांचा मुख्य मुद्दा असा होता की संप हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबण्याची सक्ती करणे होय. हा मुद्दा तेव्हा बहुमताने फेटाळला गेला. त्याचे खंडन कोणी केले असे मात्र दिसत नाही.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ही चौकट पक्की केली. या कायद्यात स्थानिक क्षेत्र आणि प्रातिनिधिक संघटना अशा दोन कल्पना महत्त्वाच्या आहेत. एका क्षेत्रातील एका उद्योगात, कायद्याने ठरवलेल्या टक्क्याइतके सभासद असलेली एकच संघटना मालकांशी वाटाघाटी करू शकेल, आणि तिने केलेला करार त्या उद्योगातील सर्वांवर, सभासद नसलेल्यांवरही, बंधनकारक राहील, अशी योजना होती. त्यामुळे ज्या संघटनेच्या हाकेवर साचे थांबत ती एक, आणि ज्या संघटनेच्या सहीला कायद्याने किंमत दिली ती दुसरी, अशी अवस्था अनेकदा निर्माण झाली. मुंबईत १९८२ च्या संपात या दुभंगाने किती हानी केली, हे सर्वश्रुत आहे. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की याच यंत्रणेमुळे मजुरीचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच कामाला सर्व गिरण्यांत एकच दर, आणि राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता, या गोष्टी व्यवहारात आल्या. सोलापूरसाठी १९२७-२८ हे वर्ष पायाभूत धरून तयार केलेला स्वतंत्र निर्देशांक होता, आणि बाजारात ज्वारी चढली की त्याचे प्रतिबिंब पगारात उमटावे, अशी ती व्यवस्था होती. संपाचा हक्क आकसला आणि त्याच्या बदल्यात लवादाचा हक्क मिळाला, असा हा सौदा होता. या सौद्यात गिरणी चालू राहील हे गृहीत धरलेले होते.

ते गृहीत २७ जुलै १९४९ रोजी मोडले. त्या दिवशी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या चालकांनी गिरणी बंद होणार असल्याची नोटीस कामगारांना दिली आणि बरोबर एक महिन्याने, २७ ऑगस्टला, शहरातील सर्वात जुनी गिरणी बंद झाली. येथे संप नव्हता, मजुरीचा नवा वाद उपस्थित करून कामगारांना नमवण्याचा उद्देशही सांगितला गेला नव्हता. म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारी टाळेबंदी नव्हती. कामगारांनी समेट कशाचा मागावा? ज्याला धंदाच करायचा नाही त्याच्याशी वाटाघाटीचा विषय कोणता? १९२० पासून जमवलेले संघटनेचे, संपाचे आणि लवादाचे सारे भांडवल या एका नोटिशीपुढे निरुपयोगी होते.

देशात तेव्हा कापडाचा तुटवडा होता, कापडावर नियंत्रणे होती, आणि एवढी मोठी गिरणी थंड पडणे सरकारला परवडणारे नव्हते. अत्यावश्यक पुरवठ्याच्या कायद्याखाली प्रथम एक नियंत्रक नेमण्यात आला, आणि ९ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना अमलात येण्याच्या सतरा दिवस आधी, केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम निघाला. त्याच्या प्रास्ताविकेत म्हटले होते की गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळे कंपनीच्या कारभारात अशी परिस्थिती उद्भवली आहे, की जीमुळे एका अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनावर विपरीत परिणाम झाला असून समाजाच्या एका घटकात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे. समाजाचा एक घटक, या तीन शब्दांत जुन्या गिरणीचा कामगार देशाच्या कायद्यात आला, आणि पुढील सर्व न्यायालयीन कारवाईत तो या तीन शब्दांपलीकडे फारसा गेला नाही.

वटहुकुमाने, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९५० च्या कायद्याने, जुने संचालक मंडळ दूर केले. कंपनीचा कारभार कराराने सांभाळणारे मॅनेजिंग एजंट बाजूला सारले. सरकारनियुक्त संचालक आणले. आणि भागधारकांचा संचालक निवडण्याचा अधिकार काढून घेतला. गिरणीची मालकी कागदावर भागधारकांचीच राहिली. यातील चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याचे म्हणणे असे की देशात शेकडो कंपन्या असताना एकाच कंपनीसाठी कायदा करणे म्हणजे समतेच्या तत्त्वाचा भंग आहे. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने अर्ज फेटाळला. बहुमताच्या मते एखादी कंपनी तिच्या विशेष परिस्थितीमुळे स्वतःच एक वर्ग ठरू शकते आणि कायदा वैध आहे असे गृहीत धरून चालावे लागते, न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास यांना हे पटले नाही, कारण गैरव्यवस्था असलेल्या इतर कंपन्या वगळून हीच का निवडली, याचे उत्तर कायद्यात त्यांना सापडत नव्हते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना समतेच्या कलमावरचा हा अगदी सुरुवातीचा निर्णय म्हणून माहीत असतो.

कामगारांच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरला तो दुसरा खटला. कंपनीचे वसूल भांडवल ३२ लाख रुपयांचे होते, आणि त्यात १०० रुपये दर्शनी किमतीचे ३२,००० अग्रहक्काचे भाग होते, ज्यांवर प्रत्येकी ५० रुपयेच भरलेले होते. अग्रहक्काचा भाग म्हणजे ज्याच्या धारकाला लाभांश इतरांच्या आधी मिळतो असा भाग. गिरणी चालवायची तर पैसा लागणार होता, म्हणून सरकारनियुक्त संचालकांनी उरलेले ५० रुपये भरण्याची मागणी केली. हिशेबाने ही रक्कम १६ लाख रुपये होते. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने ही मागणीच बेकायदा आहे असा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला, परंतु १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्या. मेहरचंद महाजन यांच्या प्रमुख निकालपत्राचा आशय असा की मालकी नावापुरती ठेवून कारभार, नियंत्रण आणि उपभोग हे सर्व काढून घेणे म्हणजे मालमत्तेपासून वंचित करणेच होय. घटनेच्या एकतिसाव्या कलमानुसार त्यासाठी भरपाई द्यायला हवी होती, ती दिली नाही, म्हणून कायदा रद्दबातल.

निकालपत्राचा तर्क घट्ट आहे, आणि मालमत्ता या शब्दाचा अर्थ त्याने उदारपणे व्यापक केला आहे. परंतु हा व्यापकपणा एकाच दिशेने गेला. सभेत मत देण्याचा, संचालक निवडण्याचा, आपल्या कंपनीवर ताबा ठेवण्याचा भागधारकाचा हक्क हे सारे मालमत्तेत बसले. त्याच गिरणीत पिढ्यानपिढ्या घातलेल्या श्रमाचा कोणताही हक्क मालमत्तेत बसवता येईल काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो विचारणारा पक्षकार न्यायालयात नव्हता. वकिलांनी किंवा न्यायमूर्तींनी यात कसूर केली असे म्हणता येणार नाही. कामगाराला या वादात उभे राहण्यासाठी जागाच कायद्याने आखलेली नव्हती. सरकारनेही या निकालातून जो बोध घेतला तो स्वतःच्या अधिकाराविषयीचा होता. २७ एप्रिल १९५५ रोजी अमलात आलेल्या चौथ्या घटनादुरुस्तीने, सार्वजनिक हितासाठी एखाद्या मालमत्तेचा कारभार मर्यादित काळासाठी हाती घेणाऱ्या कायद्यांना संरक्षण दिले. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यातही, आजारी कारखान्याचा कारभार हाती घेण्याचे प्रकरण १९५३ मध्ये घातले गेले होतेच. पुढील दशकांत देशभर ज्या शेकडो गिरण्या सरकारने चालवायला घेतल्या, त्यांच्यामागील कायद्याची वाट सोलापूरच्या जुन्या गिरणीतून गेली आहे.

द्वारकादास खटल्याचा निकाल लागला त्याच डिसेंबर १९५३ मध्ये जिल्ह्याच्या उत्तर भागात निराळीच तयारी चालू होती. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेली खाजगी कंपनी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या आग्रहाने अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला, आणि पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचला. पंढरीच्या वारकऱ्यांची आणि लातूरच्या आडत बाजाराची ही गाडी. कंपनीशी असलेल्या करारातील तरतुदीनुसार भारत सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे विकत घेण्याचे ठरवले, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने आपल्या सर्व नोकरांना कळवले की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर त्यांची नोकरी संपेल. ज्यांना पुढे काम करायचे असेल त्यांना सरकार आपल्या अटींवर घेईल. द्वारकादास खटल्याच्या निकालानंतर तेराव्या दिवशी या नोकऱ्या संपल्या, आणि त्यानंतर गाड्या त्याच रुळांवरून, बहुतांशी त्याच माणसांच्या हातून धावत राहिल्या.

कामगारांनी येथे एका नव्याकोऱ्या कायद्याचा आधार घेतला. २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीविषयीच्या तरतुदी लागू झाल्या होत्या. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा, असे त्यांत म्हटले होते. आणि कपातीची व्याख्या करताना, शिक्षा म्हणून काढण्याचा अपवाद सोडून, कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवणे, असे व्यापक शब्द वापरले होते. कोणत्याही कारणाने, असे कायदाच म्हणत असेल तर कंपनी विकली गेली हे कारण त्यात का येऊ नये, असा कामगारांचा साधा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. हरिप्रसाद शिवशंकर शुक्ला विरुद्ध ए. डी. दिवेलकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात, ज्यासोबत बडोद्याच्या एका गिरणीचे प्रकरणही ऐकले गेले, न्यायालयाने म्हटले की कपात या शब्दाला व्यवहारात एक रूढ अर्थ आहे: चालू धंद्यात जास्तीचे ठरलेले मजूर कमी करणे. धंदाच संपला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर जास्तीचे आणि कमीचे हा हिशेबच उरत नाही, म्हणून भरपाईही नाही.

शब्दार्थाच्या दृष्टीने हा निकाल समर्थनीय मानता येईल. त्याचा परिणाम मात्र विपरीत होता. शंभरातील दहा माणसे कमी करणाऱ्या मालकाने भरपाई द्यावी आणि शंभरच्या शंभर घरी पाठवणाऱ्याने काहीच देऊ नये, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. निकालानंतर काही ठिकाणी कारखाने बंद करण्याकडे मालकांचा कल वाढल्याची चिंता सरकारला वाटू लागली, आणि २७ एप्रिल १९५७ रोजी वटहुकूम व त्यानंतर जूनमध्ये दुरुस्ती कायदा आला. त्याने कायद्यात दोन स्वतंत्र कलमे घातली. पहिल्यानुसार धंदा हस्तांतरित झाल्यास कामगाराला कपातीप्रमाणेच भरपाई मिळेल. मात्र नव्या मालकाकडे नोकरी सलग धरली गेली, अटी पूर्वीहून वाईट नसल्या आणि पुढील भरपाईची जबाबदारी नव्या मालकाने स्वीकारली तर ती मिळणार नाही. दुसऱ्यानुसार कारखाना कोणत्याही कारणाने बंद केला तरी भरपाई द्यावी लागेल. बंदी मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ परिस्थितीमुळे झाली असेल तर ती तीन महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा अधिक नसेल, आणि केवळ आर्थिक अडचण किंवा साठून राहिलेला माल हे अटळ कारण मानले जाणार नाही. १९६० मध्ये हाथीसिंग गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

जुन्या गिरणीला टाळे लागले त्या २७ ऑगस्ट १९४९ या दिवशी यांतले काहीही अस्तित्वात नव्हते. कलमे आली तोवर मुख्य प्रश्न मात्र सुटलेला नव्हता, कारण त्यांनी बंदीची किंमत ठरवली, बंदी थांबवली नाही. मोठ्या कारखान्यांना बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करणारी तरतूद १९७६ मध्ये आली, ती १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि १९८२ च्या दुरुस्तीने ती सुधारून पुन्हा घातली गेली. दरम्यान जुनी गिरणी बंदच पडली, नरसिंगगिरजी गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि तीही पुढे थांबली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद झाली. तोवर सोलापूरचे कापड यंत्रमागांच्या लहान शेडमध्ये आणि स्त्रियांचा रोजगार विडीच्या पानात गेला होता. शेडमध्ये मोजकेच मजूर असल्यामुळे आणि विड्या घरी बसून वळल्या जात असल्यामुळे बंदीच्या परवानगीचे कलम तेथे पोचतच नव्हते.

१९५७ च्या कायद्याने ती दोन कलमे मागील तारखेपासून लागू केली, आणि ती तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दुसरा दिवस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांची नोकरी ३१ डिसेंबर १९५३ रोजी संपलेली असल्यामुळे, त्यांच्या खटल्यातून जन्मलेली कलमे त्यांना स्वतःला लागू होऊ शकली नाहीत.